मदत हवी आहे: देवगडात लग्न, निम्मी माणसं मुंबईला. पत्रिका कधी छापाव्या, कशा पाठवाव्या?

देवगडकर_३: मंडळी, धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबर २०२६च्या दुसऱ्या आठवड्यात देवगड तालुक्यात आहे, घरच्याच मांडवात. यादी साधारण ३२० घरांची. निम्मी गावात आणि आसपास, बाकी मुंबई, ठाणे, डोंबिवली. दिवाळीनंतर छापू असं घरचे म्हणतात. उशीर होईल का? किती छापू? आणि पोस्टाने पाठवाव्या का?

खळ्यातला_मांडव: दादा, तारीख कळवणं वेगळं आणि पत्रिका देणं वेगळं. या दोन्हींची सांगड घातलीत तर चाकरमानी अडकतील. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ११ डिसेंबरला मुंबईहून निघायचं तर १२ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता तिकीट काढायला बसावं लागेल. दिवाळी नोव्हेंबरात, तेव्हा पत्रिका हातात पडेपर्यंत गाडी भरलेली.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि तेव्हा अख्खी मुंबई गावात असते. आरतीला, भजनाला घरोघरी जाणं होतंच. तेव्हाच तोंडी तारीख सांगा, उतरायचं स्टेशन सांगा (कणकवली की नांदगाव रोड), आणि त्याच फेरीत प्रत्येकाचा आत्ताचा पत्ता व फोन वहीत उतरवून घ्या. जुन्या वहीतले डोंबिवलीचे पत्ते हमखास बदललेले असतात. गणपतीनंतर पितृपक्ष लागतो, तो १० ऑक्टोबरपर्यंत. त्यात कोणी पत्रिका वाटत नाही, म्हणून बोलणं त्याआधीच उरकायला हवं. मजकूर पक्का करून ठेवा, दसऱ्याला छापायला द्या. दिवाळीची वाट बघू नका, त्या आठवड्यात छापखाने गळ्यापर्यंत कामात असतात.

शाई_आणि_कागद: छपाईचं सांगतो. ३२० घरं म्हणजे ३२० पत्रिका नव्हेत. एका घरात तीन चुली असतील तर तीन पत्रिका जातात. नाही दिल्या तर रुसवा नक्की, आणि तो रास्तच असतो. चुली मोजा, वर दहा-पंधरा टक्के धरा. ४००च्या आसपास आकडा येईल. ऑफसेटमध्ये खर्च प्लेट आणि जुळणीचा, त्यामुळे नंतर ५० जादा छापून घेणं फार महाग पडतं. पाकिटं आणखी वीस-पंचवीस जास्त घ्या, नावं लिहिताना खराब होतात.

मजकूर व्हॉट्सॲपवरून पाठवलात तरी छापखान्यात बरेचदा जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप होतो. जोडाक्षरं आणि रफार तिथेच बिघडतात. म्हणून प्रूफ मोबाइलवर बघून हो म्हणू नका. कागदावर काढून घ्या, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ मजकुराशी ताडायचं. वार, तारीख आणि तिथी तिन्ही पंचांगाशी जुळवा. मुहूर्ताची मिनिटं बघा. सगळ्यात जपायचं ते ‘कै.’: गेलेल्या माणसामागे राहून गेलं किंवा हयात माणसामागे लागलं, तर सगळा गठ्ठा बाद. शके १९४८ छापायचं असेल तर तेवढंच छापा. संवत्सराचं नाव यंदा ‘पराभव’ आहे, ते लग्नाच्या पत्रिकेवर नको.

कागद ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला किती ग्रॅम, हे कागदाच्या जाडीचं माप) वर नको. एकाच बाजूला चकचकीत लॅमिनेशन केलेली पत्रिका किनाऱ्याच्या दमट हवेत वळते, आणि पाकिटाचा डिंक आपोआप चिकटतो. ५०-५०चे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून मागा आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा.

वाडीवरची_काकू: पहिली पत्रिका गणपतीपुढे, मग ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं, मग कुलदेवता. त्यानंतर मानकरी, आणि मग वाडीत घरोघरी अक्षता देऊन बोलावणं. गावात पोस्टाने पत्रिका पाठवू नये बाळा, चालत जाऊन द्यावी. हळद-कुंकू कोपऱ्यांना कोरडंच लाव, चिमटीने. ओलं लावून लगेच पाकिटात सरकवलंस की समोरच्या पानावर डाग उमटतो, नेमका वधूवरांच्या नावावर.

देवगडकर_३: काकू, तसंच करतो. मुंबईच्या पत्रिकांना तिकीट किती लागेल? नकाशाचा क्यूआर कोड छापावा का?

शाई_आणि_कागद: उघडल्यावर ७ बाय १४ इंचांची ३०० जीएसएमची पत्रिका १९ ग्रॅम, पाकीट धरून २७च्या आसपास. साध्या टपालाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५, म्हणजे तुम्हाला १०. पाचाचंच लावलंत तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पाहुण्याकडून घेतात. एक भरलेलं पाकीट पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या, मगच बाकीच्यांना तिकिटं लावा. जवळच्या नातेवाइकांना मात्र मुंबईतल्या कोणीतरी हातोहात द्यावी.

क्यूआर जरूर छापा, किमान २ सेंटिमीटरचा, फिक्या कागदावर गडद. सोनेरी फॉइलमध्ये नको, चमक मारते आणि कॅमेरा तो वाचत नाही. नकाशातली खूण (पिन) गावाच्या नावावर नको, मांडवावर टाका. घाटाखाली रेंज जाते, म्हणून शेजारी दोन ओळी शब्दांतही द्या: कुठल्या तिठ्यावर वळायचं, एसटीचा थांबा कुठला, वाडी कुठली.