शाळेतला सण आणि शाळेतली पूजा: तुम्हाला काय वाटतं?

परळची आई:
लेकीची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. पालकसभेत एका पालकांचं पत्र वाचून दाखवलं: दसऱ्याचं पाटीपूजन, आषाढीची दिंडी, भोंडला, नाताळ, सगळं बंद करा, शाळा धर्मापासून लांब ठेवा. शनिवारी पुन्हा सभा आहे. माझं मत, बंद करू नये. मुंबईत आता आडनाव आणि खाणं विचारून घर देतात. इमारतीच्या इमारती एकाच समाजाच्या झाल्या आहेत. वेगळ्या घरातलं मूल भेटायला उरला तो शाळेचा बाक. माझ्या लेकीला रोजा म्हणजे काय हे बाकावरच्या मैत्रिणीकडून कळलं, आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा वर्गभर फिरला. भोंडल्याची गाणी तर आमच्या घरी आता कुणालाच येत नाहीत, ती तिला शाळेनेच दिली. हे सगळं काढून टाकलं तर मुलं एकमेकांना ओळखणार कुठे?

विक्रोळीकर:
ताई, डबा फिरला त्याला कुणाचाच विरोध नाही. पण पाटीपूजन आणि डबा एका मापात मोजू नका. आम्ही बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्याच दिवशी, नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. देवदेवतांची उपासना करणार नाही, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे दसरा आमच्याही घरचा सण आहे, फार मोठा सण आहे. त्याच दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या मुलाला सरस्वतीच्या पाटीवर हळदकुंकू वाहायला रांगेत उभं केलं. तिसरीत होता. बाई फार चांगल्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आठ वर्षांच्या मुलाने सगळ्या वर्गासमोर ‘मी नाही वाहणार’ म्हणायचं कसं? त्याने वाहिलं, आणि घरी येऊन आजीला सांगताना रडला. शिक्षणाची आठवण म्हणून कुणाला हार घालायचाच असेल तर १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतिबा-सावित्रीबाईंना घाला. त्यांच्यापुढे कुठल्याही घरचं मूल उभं राहू शकतं.

निवृत्त शिक्षिका, भायखळा:
मी महापालिकेच्या शाळेत शिकवलं. एकाच इमारतीत खाली उर्दूचे वर्ग, वर मराठीचे. सण आम्ही करायचो, पण हाताने करायचो: शाडूची मूर्ती वळायला शिकवायची, कंदील करायचे, गोष्ट सांगायची, गाणं म्हणायचं. आरती नाही, नैवेद्य नाही. उर्दूची मुलं वर येऊन कंदील करायची, कधी कुणाच्या घरून तक्रार आली नाही. आणि एक सांगते, सणापेक्षा जास्त फरक पडतो तो रोजच्या वागण्याने. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलाला कवायतीच्या तासाला सावलीत बसू द्या, पर्युषणात उपास करणाऱ्या मुलीला डबा का आणला नाही म्हणून सगळ्यांसमोर विचारू नका. हे कुठल्याच परिपत्रकाशिवाय करता येतं.

गिरगावकर:
मला हे पटत नाही. कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी प्रार्थना होते, नाताळचा देखावा मांडतात, तिथे आपलीच मुलं हौसेने पाठवतो. बंद करायची वेळ आली की पाटीपूजनच का दिसतं? पाटीवर एकचे आकडे जोडून सरस्वती काढायची, त्यावर झेंडूचं फूल ठेवायचं, वहीपुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचा, या संस्कारावर आम्ही वाढलो. त्यात कुणाचा द्वेष नाही.

वकील, ठाणे:
गिरगावकर, कॉन्व्हेंटलाही तोच नियम आहे. संविधानाचं कलम २८ वाचा. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि शाळा मान्यताप्राप्त किंवा अनुदानित असेल, मग ती कुठल्याही धर्माच्या संस्थेची असो, तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. केरळात राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून तीन मुलांना शाळेतून काढलं होतं. ती मुलं आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत मुलाच्या श्रद्धेला एवढा मान मिळत असेल तर हळदकुंकवाच्या बाबतीत किती मिळावा?

परळची आई:
मग शनिवारी मी असं मांडते: सण राहू देत, पूजा वेगळी ठेवा, आणि ज्यांना नको त्यांनी जूनमध्येच चिठ्ठी द्यावी. त्या मुलांना कुणी काही विचारणार नाही.

विक्रोळीकर:
चिठ्ठी आम्हीच का द्यायची? वकीलसाहेबांनी सांगितलं ते नीट वाचा. संमती पूजेला लागते, नकाराला नाही. ज्यांना मुलाने पूजेला बसावं असं वाटतं त्यांनी लिहून द्यावं, आणि शाळा सुटल्यावर पूजा करावी. वर्गाच्या वेळात केली की आमचं मूल बाहेर व्हरांड्यात एकटं बसणार. मग कुणी विचारो न विचारो, त्याला जे कळायचं ते कळतंच.

गिरगावकर:
शाळा सुटल्यावर म्हणजे अर्धा वर्ग रिक्षात आणि बसमध्ये. ती बंद केल्यासारखीच झाली.

परळची आई:
विक्रोळीकर दादा, संमतीचं तुमचं म्हणणं सभेत तसंच्या तसं मांडते, माझ्या नावाने. शेवटच्या तासानंतर वीस मिनिटं ठेवली आणि बसवाल्यांना आधी सांगितलं तर गिरगावकरांची अडचणही सुटेल. दिंडी आणि भोंडला मात्र मी सोडणार नाही, त्यासाठी भांडणार आहे.

विक्रोळीकर:
भोंडल्याला माझी मुलगी येईल, खिरापत घेऊन येईल. दिंडीत तुकोबांचे अभंग म्हणा, चोखोबांचे म्हणा, माझा मुलगा टाळ वाजवेल. पालखीपुढे डोकं टेकवायला लावू नका, एवढं त्या सभेत लिहून घ्या.