औषध-चाचण्यांच्या विश्लेषणात मशीन लर्निंग घ्यावे का?

संख्याशास्त्राचे अध्यापक, टिळकवाडी:
आपल्या बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झालेली मिसोप्रोस्टॉल या बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाची चाचणी २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण प्लासेबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) गटात १२ टक्के, तर औषधाच्या गटात ६.४ टक्के होते. तशी चाचणी आज करायची झाल्यास, मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवर शिकवलेल्या संगणकीय प्रारूपाकडून, प्रत्येकीचा अपेक्षित रक्तस्राव आधीच काढून घ्यावा आणि विश्लेषणात तो वयासारखाच एक घटक म्हणून धरावा, असे माझे ठाम मत आहे. अंदाज आणि प्रत्यक्ष माप यांचा सहसंबंध ०.५ असला, तर प्रचरण (मापांचा विखुरलेपणा) त्याच्या वर्गाइतके, म्हणजे चतुर्थांशाने घटते आणि तितकीच अचूकता सुमारे १,२१५ स्त्रियांत मिळते. कोणाला औषध द्यायचे हे यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठी टाकल्यासारखे) ठरलेले असल्यामुळे प्रारूप चुकले तरी निष्कर्ष एका बाजूला झुकत नाही.

वैद्यकीय अधिकारी, खानापूर तालुका:
सर, ०.५ कशाच्या आधारावर धरलेत? अतिरक्तस्राव होणाऱ्या कितीतरी जणींत आधी धोक्याचे एकही लक्षण नसते. सहसंबंध ०.२ धरा, मग बचत ४ टक्क्यांची, म्हणजे जेमतेम ६५ स्त्रियांची. त्या चाचणीला नेमकेपणा आला तो बाळंतिणीखाली अंथरलेल्या प्लास्टिकमुळे, ज्याच्या खुणा केलेल्या पिशवीत रक्त साचते आणि आकडा वाचता येतो. नजरेचा अंदाज बहुधा कमीच भरतो. पैसा आधी मापावर खर्च व्हावा.

संख्याशास्त्राचे अध्यापक:
डॉक्टर, रक्तस्रावापुरते तुमचे म्हणणे मान्य. परंतु रक्तक्षयाच्या चाचणीत पहिल्या भेटीचे हिमोग्लोबिन हाताशी असते आणि त्यावरून नंतरच्याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनेही मे २०२३ च्या मार्गदर्शिकेत असे आधीचे घटक, आगाऊ ठरवून, विश्लेषणात घेण्यास मान्यता दिली आहे.

संशोधन परिचारिका, निपाणी:
सर, मग ते हिमोग्लोबिनच सरळ धरा, प्रारूप कशाला? जुन्या नोंदी कशा होतात हे मी रोज पाहते. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की बाई मराठीत सांगते, "गणपतीच्या आदल्या आठवड्यात". कन्नड रजिस्टरात मात्र एक नेमकी तारीख उतरते आणि प्रारूप तीच खरी मानून शिकते. त्याने निष्कर्ष झुकणार नाही हे मला पटते, पण तुम्ही मोजलेली बचत तिथेच विरते. त्यातून दहा प्रारूपे चालवून ज्यात औषध उजवे दिसेल तेवढेच छापले गेले, तर यादृच्छिकतेचे संरक्षणही उरत नाही. कोणते प्रारूप, ते कोणत्या नोंदींवर शिकले, हे पहिली स्त्री दाखल होण्यापूर्वी सीटीआरआयवर (भारतातील चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत) नोंदवले जाणार असेल, तर माझा पाठिंबा आहे, एरवी नाही.