रेसकार ट्रेलरवर बांधणं आणि पावसाळाभर ठेवणं: पट्टे चाकांना की चॅसीला?

फोंडा_टिनटॉप

नमस्कार मंडळी. गाडी टिन टॉप (बंद टपाची रेसकार), रोल केजसकट साधारण 1000 किलो, इंजिन पुढे. ट्रेलर दोन अ‍ॅक्सलचा, रिकामा 500 किलो, ओव्हररन ब्रेकचा (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ढकलू लागला की आपोआप लागतो तो). ओढायला डिझेल एसयूव्ही. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवरून परतताना रामनगर ते मोले एवढ्यातच, म्हणजे अनमोड घाट उतरेपर्यंत, पुढचे दोन्ही पट्टे ढिले पडले आणि गाडी डावीकडे चार बोटं सरकली. पट्टे 50 मिमीचे, चार. पुढे टो हुकांना, मागे सबफ्रेमला, चारही सरळ ओढलेले. निघताना गच्च आवळले होते, सस्पेन्शन निम्मं दबलं होतं.

चढवताना स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची आडवी फळी) घासतो हा दुसरा त्रास. रॅम्प 1.6 मीटरचा, ट्रेलरचा पाट जमिनीपासून 55 सेमी.

आता मिरग तोंडावर आलाय. ऑक्टोबरपर्यंत गाडी हलणार नाही. ट्रेलरवरच ठेवून वरून ताडपत्री घातली तर चालेल का?

डिचोली_गॅरेज

दादा, पट्टे गच्च आवळले हीच चूक. चॅसीला बांधून सस्पेन्शन दाबलं की पट्ट्यातला सगळा ताण त्या दबलेल्या स्प्रिंगांच्या जोरावर टिकतो. खड्ड्यात ट्रेलर आपटला की बॉडी आणखी खाली जाते, क्षणभर पट्टा सैल होतो आणि हुक निसटायला तेवढं पुरतं. बॉडी वर आली की तोच पट्टा झटका खातो. शेकडो वेळा हे झालं की पट्टा ताणून लांब होतो आणि हुकाची जागा बदलते.

त्यात घाट उतरत होतात. उतारावर आणि ब्रेक मारल्यावर गाडी पुढे जायला बघते. तो भार मागचे पट्टे घेतात, ते थोडे ताणले जातात आणि पुढचे आपोआप ढिले पडतात. सरळ ओढलेले पट्टे गाडीला पुढे-मागे धरतात, आडवं काहीच धरत नाही. म्हणून वळणावर ती सरकली.

चाकांना बांधा. टायरवरून जाणारा, रबरी गुटके असलेला तीन टोकांचा व्हील पट्टा घ्या, चार चाकांना चार. गाडीचं सस्पेन्शन मग मोकळं हलतं, पण चाक पाटावरून उठत नाही. स्लिकवर, म्हणजे रेसच्या गुळगुळीत टायरवर, नक्षी नसते, त्यामुळे रबरी गुटके नसलेला नुसता पट्टा टायरवरून खांद्याकडे घसरतो, तो घेऊ नका. पट्टा कंट्रोल आर्म, अँटी-रोल बार, टाय रॉड किंवा ब्रेकच्या पाइपांवरून अजिबात नेऊ नका.

आता पट्टे ढिले पडण्याचं आणखी एक कारण, जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. रेस संपल्या संपल्या गाडी चढवली तर टायर गरम असतात. रात्री ते थंड होतात, दाब पाच-सहा पीएसआय उतरतो, टायर बसतो आणि चाकाला बांधलेला पट्टा सुटा होतो. प्रवासाला स्लिक काढून जुने रोड टायर लावा, थंड असताना 32 पीएसआय भरा, मग बांधा.

भाराचा हिशोब साधा आहे. युरोपात माल बांधायचं जे मानक आहे त्यात पुढच्या दिशेला वजनाच्या 0.8 पट आणि बाजूंना 0.5 पट जोर धरतात. तुमच्या गाडीला पुढे 800 किलो, आडवं 500 किलो. 50 मिमीच्या चांगल्या पट्ट्यावर सरळ ओढीत 2500 डेकान्यूटन लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण तेवढेच किलो, त्यामुळे पट्टा तोकडा पडणार नाही. लेबल बघून घ्या. निळं लेबल म्हणजे पॉलिएस्टर, तेच हवं. हिरवं नायलॉनचं असतं, ते पावसात भिजलं की जास्त ताणतं.

रॅचेटच्या (पट्टा आवळायच्या दातेरी कळीच्या) दांड्यावर पट्ट्याचे दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. दीड वेढ्याच्या खाली पट्टा सरकतो आणि पाच-सहा वेढे झाले तर गुंडाळी जाड होऊन दांडीला ओढ घेता येत नाही. आधी हाताने पट्टा खेचून सगळा सैलपणा काढा, मग रॅचेट मारा. मोकळ्या पट्ट्याला मधे अर्धा पीळ द्या. पीळ नसेल तर वाऱ्यात पट्टा भुंग्यासारखा घोंघावतो आणि त्या थरथरीने रॅचेटची खिट्टी झिजते. मात्र टायरवर टेकलेल्या भागात पीळ नको. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, चाकाजवळ लोंबकळता कामा नये.

10 किलोमीटरवर पहिला थांबा. सगळं हाताने तपासा आणि पुन्हा आवळा. त्यानंतर घाटाआधी आणि घाटानंतर.

कुडचडे_फॅब्रिकेशन

वरचं सगळं बरोबर आहे, पण पट्टा कशाला अडकवताय ते कुणी विचारलं नाही. इकडच्या बऱ्याच ट्रेलरला कडी थेट चेकर्ड प्लेटवर वेल्ड केलेली असते. ती 3 मिमीची प्लेट असते, झटका बसला की वेल्डच्या कडेने कागदासारखी फाटते. कडी चॅनेलवर हवी, किंवा प्लेटच्या खालून 6 मिमीची 100 × 100 ची पट्टी घालून 8.8 ग्रेडच्या एम12 बोल्टांनी. गॅल्वनाइज्ड भागावर वेल्ड करायचं असेल तर जस्त आधी ग्राइंडरने पूर्ण काढा. त्याचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो, शिवाय वेल्डला भोकं पडतात.

कड्यांची जागा चाकाच्या पुढे आणि मागे, पट्टा पाटाशी 45 अंशांहून उभा होणार नाही अशी. चॅसीला बांधायचंच असेल (सिंगल सीटरला, म्हणजे उघड्या चाकांच्या एकाच सीटच्या रेसकारला, कधी कधी तेच सोयीचं पडतं) तर मागचे पट्टे फुलीसारखे आडवे टाका: चॅसीच्या डाव्या बाजूकडून उजव्या कडीला, उजव्या बाजूकडून डाव्या कडीला.

स्प्लिटरचं गणित. 55 सेमी उंची आणि 1.6 मीटर रॅम्प म्हणजे 20 अंशांची चढण, रेसकारला फार झाली. रॅम्प 2.4 मीटरचे करा, चढण 13 अंशांवर येते. त्यात एसयूव्हीच्या मागच्या चाकांखाली फळ्या घालून हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) वर उचला. ट्रेलरची शेपटी 10 सेमी खाली गेली तर 11 अंशांच्या आत याल.

पण शेपटी खाली आणि गाडीचं वजन तिच्यावर येताच ट्रेलर मागे उलटायला बघतो आणि एसयूव्हीची मागची चाकं हलकी होतात. हँडब्रेक बहुधा त्याच चाकांवर असतो! म्हणून गाडी चढवायच्या आधी ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली स्टँड आणि एसयूव्हीच्या चारही चाकांना लाकडी गुटके. फळ्या काढायला विसरू नका.

विंचने चढवा, इंजिनवर चढवू नका. विंचचा दोर ताणात असताना गाडीच्या मागे किंवा दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. पोलादी दोर असेल तर त्यावर जाड गोणपाट टाका. आणि विंच हा पट्टा नव्हे. गाडी बांधून झाली की त्याचा दोर सैल करा, नाहीतर प्रत्येक झटका विंचच्या दातांवर जातो.

गाडी पाटावर कुठे उभी करायची याकडेही लक्ष द्या. एकूण 1500 किलोवर हिचवर साधारण 6 टक्के, म्हणजे 90 किलो यायला हवेत. एसयूव्हीची मर्यादा तिच्या पुस्तिकेत असते, ती ओलांडू नका. हिचच्या टोकाखाली ठोकळा आणि त्याखाली वजनकाटा ठेवून मोजता येतं. कमी असेल तर ट्रेलर नागमोडी चालायला लागतो आणि उतारावर तो सावरत नाही. हिचपासून अ‍ॅक्सलांच्या मध्यापर्यंत 3.5 मीटर असेल तर गाडी 10 सेमी पुढे घेतली की हिचवर साधारण 29 किलो वाढतात. एकदा जागा ठरली की पाटावर रंगाची रेघ मारा आणि पुढच्या चाकांना त्या रेघेवर लोखंडी थांबे बसवा.

अनमोडला ओव्हररन ब्रेकवर भिस्त ठेवू नका. उतारावर ट्रेलर सतत गाडीला ढकलत राहतो, त्यामुळे त्याचे ब्रेक अर्धवट लागूनच राहतात आणि तापतात. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या रोखाने उतरा. मोलेला थांबून हबवर हाताची पाठ आधी जवळ नेऊन बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. ट्रेलरसाठी वेगळी स्टेपनी आणि त्याच्या नटाला बसणारा पाना ठेवा, एसयूव्हीचा पाना बसेलच असं नाही. चाक बदललं असेल तर 50 ते 100 किलोमीटरवर नट पुन्हा टॉर्कला आवळा.

पेडणे_पिटलेन

ठेवण्याबद्दल. ताडपत्रीला माझा स्पष्ट नकार. आपल्याकडे जून ते सप्टेंबर साधारण 3000 मिमी पाऊस पडतो आणि हवा कायम ओली. ताडपत्री पाणी बाहेर ठेवते, पण जमिनीतून आणि गाडीतून निघणारी वाफ आतच राहते. सकाळी ताडपत्री उचलून बघा, आतल्या बाजूने थेंब लोंबत असतात. त्याखालच्या गाडीत सीटवर पांढरी बुरशी येते आणि डिस्कवर गंज चढतो. चिऱ्याच्या भिंतीला टेकून उभी केली तर आणखी वाईट, चिरा ओल धरून ठेवतो.

वर पत्र्याचं किंवा सिमेंट पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी वारा, पावसाची झड येते तिथे अर्धी आडभिंत. गाडीवर श्वास घेणारं कापडी कव्हर. बंद गॅरेज असेल तर डिह्युमिडिफायर लावा, त्याची टाकी रोज ओता किंवा नळी बाहेर काढा. समुद्राकडून वारा येत असेल तर ठेवायच्या आधी खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, मग खुल्या लोखंडावर लॅनोलिनचा किंवा गंजरोधक तेलाचा हात फिरवा.

ट्रेलरवर ठेवायला हरकत नाही, पण सगळे पट्टे सोडून. ताणात चार महिने ठेवले तर पट्टे आणि टायर दोन्ही बिघडतात. पट्टे सुकवून रॅचेटला तेल द्या, उन्हाबाहेर टांगा. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलखाली स्टँड, चाकांना गुटके. गाडीही स्टँडवर, स्लिक उतरवलेले, दाब कमी करून काळ्या पिशवीत बांधून, मोटर आणि वेल्डिंग मशीनपासून लांब. विजेच्या ठिणगीतून ओझोन होतो आणि तो रबराला चिरा पाडतो. हँडब्रेक सोडा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात.

पेट्रोल पूर्ण काढा. आता पंपावर मिळतं ते ई20, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. सेफ्टी सेल (आत फोम असलेली रेसची पेट्रोल टाकी) असेल तर आतला फोम अल्कोहोलला चालणारा आहे का हे बनवणाऱ्याच्या कागदावर बघा. न चालणारा फोम चुरा होऊन फिल्टर आणि इंजेक्टर बंद करतो. लाइनमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, 5 मिली, इंजिन ऑइल घाला. क्रँक हाताने दोन फेरे फिरवून प्लग परत लावा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करा. एक्झॉस्टला स्टील वूल, कारण उंदीर कापड कुरतडतात. स्टिअरिंगला लाल फडकं बांधून ठेवा, म्हणजे तोंडं बंद असताना कुणी स्टार्टर मारणार नाही. दर पंधरवड्याला क्रँक पाव फेरा हाताने. महिन्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालवण्याची सवय सोडा, तेवढ्यात ऑइल तापत नाही आणि आतलं पाणी आतच राहतं.

बॅटरी काढून घरात न्या. लेड बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा, लिथियमला तिचाच चार्जर. सीट, हार्नेस, हेल्मेट, सूट गाडीत ठेवू नका. ते माणसं राहतात त्या खोलीतच हवेत. ब्रेक ऑइल ऑक्टोबरमध्ये, गाडी निघायच्या आदल्या आठवड्यात बदला, आत्ता नको. डॉट 4 कोरडं असताना मानकाप्रमाणे किमान 230 अंशांना उकळतं, पाणी ओढलेलं 155 ला. आत्ता नवं भरलंत तर तेच चार महिने ओल पीत बसेल.

फोंडा_टिनटॉप

चाकाला पट्टे ठरलं, कड्या चॅनेलवर घेतो. एक शंका राहिली: प्रवासात गिअर टाकून ठेवायचा की न्यूट्रल? गिअरबॉक्स डॉग एंगेजमेंटचा आहे (सिंक्रो नसलेला, जाड दातांनी थेट गिअर पकडणारा).

डिचोली_गॅरेज

डॉग बॉक्सला न्यूट्रल. गिअरात ठेवलात तर गाडी पट्ट्यांत जेवढी पुढे-मागे डुलेल तेवढा प्रत्येक धक्का डॉगच्या कडांवर बसेल आणि कडा गोल झाल्या की शर्यतीत गिअर सुटायला लागतो. साध्या सिंक्रो बॉक्सला पहिला गिअर चालतो. दोन्हीत हँडब्रेक सोडलेला, गाडी पट्ट्यांवर आणि थांब्यांवर. मात्र उतरवताना क्रम पाळा: आधी आत माणूस बसवून ब्रेक दाबायला सांगा, मग विंचचा दोर ताणून घ्या, नंतरच शेवटचा पट्टा सोडा. न्यूट्रलमधली गाडी 13 अंशांच्या रॅम्पवर थांबत नाही.