स्मरणशक्तीच्या शिबिराने नवोदयचा मानसिक क्षमतेचा भाग सोपा होतो का?

पांदणवाट (आर्णी तालुका, जि. यवतमाळ):
माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत असून यंदा नवोदयच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे. तालुक्याच्या गावी एका खासगी वर्गाने स्मरणशक्तीचे शिबिर सुरू केले आहे. त्यात मुलांकडून लांबलचक संख्या पाठ करून घेतात आणि त्यामुळे एकूण बुद्धीच तल्लख होते, असे पालकांना सांगतात. मी स्वतः प्रात्यक्षिक पाहिले. एका मुलाने फळ्यावरचे पन्नास आकडे सुलट आणि उलट न अडखळता म्हणून दाखवले व त्यात मला कोणतीही लबाडी दिसली नाही. शुल्क मात्र इतके आहे की सोयाबीन विकल्याशिवाय ते भरता येणार नाही. ही शक्ती खरोखर वाढते का, आणि वाढत असल्यास परीक्षेत ती कामी येते का, हे कोणी अभ्यासून सांगू शकेल काय?

निंबोणी (अमरावती, मानसशास्त्राची विद्यार्थिनी):
भाऊ, लबाडी नसावी, कारण असे आकडे कोणालाही शिकता येतात. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस या संशोधकांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात एका सर्वसाधारण विद्यार्थ्याला सुमारे वीस महिने आकडे ऐकवले आणि त्याचा वृत्तान्त १९८० मध्ये प्रसिद्ध केला. सेकंदाला एक या गतीने उच्चारलेले आकडे त्याला सुरुवातीला सातच लक्षात राहत, ते सुमारे २३० तासांच्या सरावानंतर ७९ वर गेले. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता; म्हणून ३, ४, ९, २ असे आकडे आले की ‘एका मैलाला तीन मिनिटे एकोणपन्नास पूर्णांक दोन सेकंद’ अशी तो त्यांची मोळी बांधी आणि धावण्यात न बसणारे आकडे कोणाचे तरी वय समजून ठेवी. परंतु आकड्यांऐवजी अक्षरे ऐकवताच तो पुन्हा सहाच्या आसपास आला. आपल्या भाषेत सांगायचे तर बंडी (बैलगाडी) तेवढीच राहिली, फक्त कापूस दाबून भरण्याची हातोटी आली, आणि तीही कापसापुरतीच.

आता परीक्षेकडे पाहा. नवोदयच्या ८० प्रश्नांपैकी ४० मानसिक क्षमतेचे असतात. वेगळी आकृती ओळखणे, अपुरी आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा शोधणे असे त्यांचे स्वरूप असते. सगळ्या आकृत्या डोळ्यांसमोर छापलेल्या असताना पाठांतराच्या युक्तीला तिथे कामच काय?

जुना मास्तर (दारव्हा):
निंबोणीताईंचे म्हणणे मला आमच्या गावच्या गायकीवरून, म्हणजे गुराख्यावरून, पटते. ऐंशी ढोरांतले एखादे मागे राहिले तर तो चालत्या कळपाकडे नुसते पाहून सांगत असे, पण घरून सांगितलेल्या किराण्यातल्या दोन वस्तू रोज विसरे. बुद्धिबळातही हेच आढळले आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवले की खऱ्या डावातील मांडणी उस्तादाला एका नजरेत आठवते, परंतु सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्याचा वरचढपणा जवळजवळ नाहीसा होतो.

तरीही पाठांतर सरसकट हिणवू नये. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होती आणि कापसाच्या वजनाचा हिशेब ते काट्यावर उभ्याउभ्याच करत. पाढे पाठ असले की उदाहरण सोडवताना डोक्यात विचाराला जागा उरते. पन्नास अर्थहीन आकडे पाठ असल्याने ती उरत नाही.

पांदणवाट:
शिबिराचे लोक म्हणतात की आकडे हे केवळ निमित्त आहे आणि मेंदूचा व्यायाम सगळीकडे लागू पडतो. त्यात काहीच तथ्य नाही का? आणि पैसे वाचवायचे ठरवले तर घरी काय करावे?

निंबोणी:
या दाव्याची मोठी तपासणी २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आली. ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळले. त्या खेळांत ते तरबेज झाले, परंतु त्यांच्याशी साम्य असलेल्या इतर कसोट्यांतही त्या सरावाचा लाभ दिसला नाही. ते सगळे प्रौढ होते, दहा वर्षांची मुले नव्हेत, हे मात्र मान्य करायला हवे.

घरच्या अभ्यासासाठी रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ मधील प्रयोग मला अधिक उपयुक्त वाटतो. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने तो न पाहता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारेच ८१ विरुद्ध ७५ टक्के असे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचून ‘येते’ असे वाटणे फसवे असते, ते असे. म्हणून मुलीला पुस्तक मिटून विचारा, चुकू द्या, दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारा. आकृत्यांसाठी मात्र जुन्या प्रश्नपत्रिकांतील आकृत्याच सोडवून घ्याव्यात.

पांदणवाट:
काल जेवताना पुस्तक मिटून सतराचा पाढा विचारला. सकाळी घडाघडा म्हणणारी मुलगी ‘सतरा सक’ला थांबली, आणि थोड्या वेळाने ‘एकशे दोन’ असे तिनेच सांगितले. शुल्क भरलेले नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच कोणाकडे असल्यास कृपया कळवावे, झेरॉक्सचे पैसे मी देईन.