२० पोरांतून १५ निवडायचेत: ही मांडणी चालेल का?

काळीमाती (लातूर)

कॉलेजच्या पोरांचा रग्बी संघ उभा करायलोय. आतापर्यंत सगळे सेव्हन्सच (सात जणांचं रग्बी) खेळलेत. आता पुण्याच्या एका संघाबरोबर १५ जणांचा मैत्रीपूर्ण सामना ठरलाय, हातात सहा आठवडे आहेत. सगळे १९ च्या आतले. मैदान काळ्या मातीचं, गवत नावालाच. माझी मांडणी अशी (नंबर म्हणजे जागा: १ ते ८ पुढचे फॉरवर्ड, ९ ते १५ मागचे):

१ पैलवान (९० किलो, ५ फूट ७), २ कबड्डीचा उजवा कव्हर (८२), ३ गोळाफेकवाला (९८ किलो, ६ फूट १), ४ व्हॉलीबॉलचा ब्लॉकर (७८ किलो, ६ फूट ३), ५ बास्केटबॉलवाला (८४ किलो, ६ फूट १), ६ आणि ७ कबड्डीचे डावा-उजवा कोपरा, ८ कबड्डीचा दुसरा चढाईपटू, ९ खो-खोवाला (५८ किलो), १० फुटबॉलचा मिडफिल्डर, ११ शंभर मीटरवाला, १२ डावा कव्हर, १३ मुख्य चढाईपटू, १४ लांब उडीवाला, १५ क्रिकेटवाला, उंच झेल सोडत नाही पण पायाने मारता येत नाही.

बाकावर पाच: एक पैलवान (८४), फुटबॉलचा साइड बॅक, हँडबॉलचे दोघं, आणखी एक खो-खोवाला. कुठं चुकतंय ते सांगा.

दुसरी_फळी (नांदेड)

भाऊ, संघ ११ आणि १४ पासून नाही, ३ पासून भरायचा. विंगर (११, १४) कच्चा असला तर एखादा ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) बसेल. ३ नंबर कच्चा असला तर पोराची मान जाईल.

१ आणि ३ ची अदलाबदल करा. स्क्रममध्ये (दोन्हीकडचे आठ-आठ बांधून एकमेकांना रेटतात तो) १ नंबरचा डावा खांदा मोकळा असतो. ३ नंबरचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे जातं आणि दोन्ही खांद्यांवर भार येतो. तिथं बुटका, कंबर खाली ठेवून पाठ सपाट धरणारा गडी लागतो. तुमचा ९० किलोचा पैलवान नेमका तसा आहे. ६ फूट १ च्या गोळाफेकवाल्याची कंबर वर राहते, समोरचा त्याच्या खाली शिरला की स्क्रम कोसळलाच. खरं तर तो १ पेक्षा ५ नंबरवर शोभेल. मग १ वर बाकावरचा ८४ किलोचा पैलवान घ्या.

सराव थेट आठ विरुद्ध आठ नको. आधी एकास एक, गुडघे टेकून, फक्त पकड आणि पाठीची रेष. मग उभ्याने. मग तीनास तीन, पाचास पाच, शेवटी आठ. ‘क्राउच, बाइंड, सेट’ या तिन्ही हुकमांत पाय कुठं असतात ते रोज बघा. पाय खांद्यांच्या मागे फार लांब गेले की छाती जमिनीकडे जाते. आणि ट्रॉलीला किंवा भिंतीला ढकलायचा सराव बंद. ती हलत नाही, सगळा भार उलटा मानेवर येतो.

आता नियम. २० जणांची यादी दिली तर पहिल्या फळीत (१, २, ३) खेळू शकणारे किमान ५ लागतात. १६ ते १८ ची यादी असेल तर ४. तुमच्याकडे मोजून तीनच होतायत. १८ ची यादी द्या आणि चौथा तयार करा. जमत नसेल तर पंचांशी आधीच बोलून स्क्रम बिनाढकलीचा ठरवा: बांधायचं आठांनीच, पण ज्याचा चेंडू त्यालाच मिळतो. त्यात लाज नाही. १९ खालच्या नियमात तसंही दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही, आणि अर्धा डाव ३५ मिनिटांचा असतो.

कोपरा_पकड (परभणी)

६-७ ला दोन्ही कोपरे, एकदम बरोबर. घोट्याची आणि मांडीची पकड इतकी खालून करणारी पोरं रग्बीवाल्यांना सहजासहजी मिळत नाहीत. पण कबड्डीच्या सवयी पेनल्टी देतात, त्या आधी काढा.

पहिली: शिट्टी होईपर्यंत न सोडणं. रग्बीत गडी खाली आला की लगेच सोडायचं, बाजूला व्हायचं, उठायचं. सरावात टॅकल झाल्या क्षणी मोठ्यांदा ‘सोड!’ म्हणायला लावा. दुसरी: डॅश. खांद्याने रेषेबाहेर लोटणं कबड्डीत गुण देतं, इथं हाताचा वेढा नसेल तर फाउल, आणि खांदा डोक्याला लागला तर लाल कार्ड. तिसरी: जर्सीची कॉलर ओढणं. चौथी चढाईपटूंची: पकडणाऱ्यावरून उडी मारणं धोकादायक खेळात धरतात.

याहून अवघड म्हणजे बचावाची चाल. कबड्डीत चढाईपटूला आत येऊ देतात, मग साखळी मिटते. इथं आत येऊ दिला म्हणजे पाच मीटर फुकट दिले. सगळ्यांनी एका रेषेत पुढं यायचं, आतल्या गड्याच्या पुढं बाहेरच्याने पळायचं नाही.

म्हणूनच मुख्य चढाईपटू १३ वर नको. १३ ला बचावात सगळ्यात जास्त निर्णय घ्यावे लागतात: आत वळू की बाहेर थांबू. चढाईपटू एकट्याने खेळायला शिकलेला असतो, पास देणं त्याच्या डोक्यात येतच नाही. त्याला ८ वर ठेवा, स्क्रमच्या मागून चेंडू उचलून थेट भिडू द्या. १३ वर डावा कव्हर, १२ वर दुसरा चढाईपटू.

काळीमाती (लातूर)

१ आणि ३ पटलं. पण उजव्या कव्हरला हुकर (२ नंबर) ठेवू का? लाइनआउटला (चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगांच्या मधे फेकतात तेव्हा) त्याचा चेंडू सरळ जात नाही.

पळती_बसती (धाराशिव)

हुकर शोधायचा तर बाकावरचा फुटबॉलचा साइड बॅक बघा. थ्रो-इनची सवय असते, दोन्ही हातांनी डोक्यावरून. बास्केटबॉलच्या बोर्डावर आतला छोटा चौकोन असतो ना, त्याची खालची कड ३.०५ मीटरवर आणि वरची साधारण साडेतीनवर. उचललेल्या गड्याचे हात त्याच्याच आसपास जातात. ५ मीटरवरून सुरू करा, मग ७, मग १०. चौकोनात दहापैकी सात लागेपर्यंत अंतर वाढवू नका.

उचलताना मागच्याने बुडाखाली आणि पुढच्याने गुडघ्याच्या वर मांडीला धरायचं. मांडीला टेपचा जाड वळसा घातला की हात घसरत नाही. पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायचं नाही. ब्लॉकर ७८ किलोचा आहे, हवेत उचलून धरायचा गडी तोच बरा.

आता खो-खो. तुमचा ५८ किलोवाला बसतीचा आहे की पळतीचा? बसतीवाल्याला एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळता येत नाही, पण खाली वाकून सुटण्याचा वेग आणि सूर त्याच्याकडे असतो, म्हणून ९. पळतीवाल्याकडे हुलकावणी असते, त्याला १४ द्या. ९ साठी वेगापेक्षा जमिनीवरून ८ ते १० मीटरचा पास मोठा. उजव्या हाताच्या पोराचा एका बाजूचा पास हमखास लोंबकळतो. त्या बाजूचे दुप्पट करून घ्या.

१५ ला पाय नाही हे लपत नाही. समोरच्यांना कळलं की प्रत्येक चेंडू त्याच्याच डोक्यावर. तो झेल घेईल, पण मारायचा १० ने, म्हणून बचावात १० ला मागे उभा करा आणि पुढच्या रेषेत त्याच्या जागी ७. चालू खेळात स्वतःच्या २२ मीटरच्या आतून मारला तरच थेट बाहेर गेलेल्या चेंडूचा फायदा मिळतो, हे १० ला पाठ असू दे.

मांजराकाठ (केज)

बाकाबद्दल कुणी बोललं नाही. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने बाकावर सात फॉरवर्ड आणि मागच्या फळीतला एकटा विली ल रू ठेवला होता. सुरुवातीलाच हुकर बोंगी म्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला, मग तेव्हा एरवी फ्लँकर (६-७) खेळणारा डिऑन फूरी जवळजवळ पूर्ण सामना हुकर खेळला आणि लाइनआउट डळमळला. एकही ट्राय न करता, किक मारणाऱ्या पोलार्डच्या चार पेनल्टींवर १२–११ असे जिंकले. त्यांच्याकडे पोलार्ड होता, तुमच्याकडे नाही.

म्हणून उजव्या कव्हरला बाकावर ठेवा, पण स्क्रममध्ये हुकर आणि १ नंबर दोन्ही शिकवा. तोच तुमचा चौथा. शिवाय हँडबॉलचा एक लॉक-फ्लँकरसाठी (४ ते ७) आणि खो-खोवाला ९-१४-१५ साठी. बास्केटबॉलवाला बाहेर ठेवून गोळाफेकवाला ५ ला खेळवणं मात्र मला पटत नाही. ९८ किलो एका रकमधून (पडलेल्या चेंडूवरची रेटारेटी) दुसऱ्या रकमध्ये पळवायचे म्हणजे पन्नासाव्या मिनिटाला तो चालायला लागेल. त्याला १ वर ठेवा, ८४ किलोचा पैलवान बाकावरून आणा. म्हणजे पहिल्या फळीला पाच होतात आणि १९ च्या यादीतही बसतात.

आणि मैदान: आदल्या संध्याकाळी पाणी मारा, सकाळी ७ ला सामना. भेगाळलेल्या मातीत घोटा मुरगळतो, चिखल झाला तर बुटाला ढेकळं चिकटून लाइनआउटची उडीच होत नाही. बोट दाबल्यावर जेमतेम खूण उमटेल इतकाच ओलावा.

दुसरी_फळी (नांदेड)

१ वर ९८ किलो चालेल, पण एकास एक सरावात तिसऱ्या आठवड्यापर्यंत कंबर खाली आली तरच. नाही आली तर ५. तोवर जर्सीवर नंबर छापू नका.