मालकाच्या शब्दापेक्षा खूर बघा
लॅमिनायटिस (खुराच्या आत सूज येऊन पाय दुखायचा आजार) होऊन गेलेलं तट्टू लेकरासाठी फुकट मिळालं तरी नको, असं काहीजण म्हणतात, ते मला सरसकट पटत नाही. दुखणं होऊन गेलेलं का असेना, शांत, पोक्त जनावर कोवळ्या तापट घोड्यापेक्षा पोरांना बरं. फक्त ‘लई जुनी गोष्ट हाय’ या मालकाच्या शब्दावर जाऊ नका. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो, वरच्या कडेपासून पुढच्या टोकाला यायला जवळपास वर्ष लागतं. म्हणजे वर्षभराचा हिशेब त्यावरच लिहिलेला असतो. आडव्या रेघा सगळीकडं सारख्या अंतरावर असतील तर फार काळजी नाही. टाचेकडं रुंद आणि पुढं दाटीवाटीनं असतील तर दुखणं अलीकडचं समजा.

माळेगावच्या यात्रेत माझ्या पोरीसाठी एक पांढरी घोडी जवळपास ठरलीच होती. व्यापारी तिला मऊ मातीत फिरवत होता, अगदी झोकात. सोबतच्या नालबंदानं तिला कडक रस्त्यावर आणून आखूड वळण घ्यायला लावलं, तर पुढचे पाय विस्तवावर ठेवल्यागत टाकायला लागली. खुरांना काळं तेल चोपडलेलं. चिंधीनं पुसलं तर खाली रेघाच रेघा. (पोरगी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.) आणि घेतलंच, तर दाण्याची पाटी आपल्याच हातात ठेवा. आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा कौतुकानं ओंजळभर ज्वारी घालून जातो आणि तिथंच दुखणं उलटतं.