मदत हवी आहे: खोल रीफवर लेक ट्राउट मासा गळाला लागत नाहीये

गळबहाद्दर_मिशिगन
लोकहो, लवकर सांगा, येत्या शनिवारी परत जायचंय. मागच्या शनिवारी मित्राच्या बोटीतून रीफवर (पाण्याखालच्या खडकावर) गेलो. ९ तास जिगिंग केलं, म्हणजे जिग (वजनदार गळ) तळाशी सोडून वरखाली नाचवला, एकही मासा नाही. फिशफाइंडरवर (मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर) तळाशी मासे दिसत होते, पण खात नव्हते. हाकेच्या अंतरावरची बोट मात्र एकामागून एक काढत होती. जिगचा रंग पांढरा. कोणता रंग घेऊ?

डुलुथकर
कुठलं सरोवर, कुठली रीफ, किती खोल, वारा किती, दोरी कुठली, जिग किती औंसाचा? यातलं काहीच लिहिलेलं नाही. रंगाचं नंतर बघू.

गळबहाद्दर_मिशिगन
लेक सुपिरियर, अजून कुठलं? स्टॅनर्ड रॉक. १५० ते २०० फूट. रॉड, रील चांगलं आहे, दोरीही नवीन. रंग सांगा ना.

टोरांटो_काका
जिगिंग सोडा, डाउनरिगर घ्या, म्हणजे तारेवरच्या वजनदार गोळ्याने आमिष खोलवर ठेवून बोटीमागे ओढा. मी लेक ऑन्टारियोवर १४ वर्षं डाउनरिगर वापरतोय. १२ पौंडांचा गोळा, मागे फ्लॅशर (चमकणारी पट्टी) आणि चमचा (चमच्यासारखं धातूचं आमिष), वेग ताशी दीड-दोन मैल. चमचा तळापासून ५ फुटांवर ठेवा. पाण्याचा जास्त पट्टा तपासून होतो, मासा शोधत बसावं लागत नाही.

डुलुथकर
काका, सपाट तळावर हे बरोबर आहे. स्टॅनर्ड रॉकवर खडक काही ठिकाणी पृष्ठभागापासून जेमतेम ४-५ फुटांवर येतो आणि बाजूने शेकडो फूट खाली जातो. तिथे तळालगत गोळा ओढलात तर अडकणारच. एका सीझनमध्ये माझे दोन गेले, तारेसकट. शिवाय यांना मासे सापडलेलेच आहेत, शोधायचे नाहीयेत.

टोरांटो_काका
नकाशा नीट बघून चालवलं तर अडकत नाही.

पाजपंढरी
गळबहाद्दर, दोरी "नवीन" म्हणजे मोनो (एकपदरी नायलॉन) की ब्रेड (विणलेली, न ताणणारी)?

गळबहाद्दर_मिशिगन
मोनो, २० पौंड ताकदीची. जिग पाऊण औंसाचा. वारा १२ नॉट असेल.

डुलुथकर
हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. रंगाचा काही संबंध नाही.

मोनो ताणते. १८० फूट मोनो पाण्यात सोडली की वर तुम्ही रॉड दोन फूट उचलता आणि खाली जिग जेमतेम हलतो. मासा चावला तरी धक्का ताणात विरतो, आणि झटका दिलात तरी हूक रुतत नाही. तुमचे मासे कदाचित खातही होते, तुम्हाला कळलं नाही.

दुसरं म्हणजे पाऊण औंस. १२ नॉट वाऱ्यात बोट वाहत जाते आणि जिग मागे राहतो. दोरी तिरकी होते आणि १८० फुटांचा तळ गाठायला २५० फूट सोडावी लागते. एवढ्या तिरक्या दोरीवर जिग तळाला आहे की अधांतरी, हे कुणालाच समजणार नाही. मी काय वापरतो ते सांगतो: १५ पौंडांची ब्रेड, पुढे ८-१० फूट फ्लोरोकार्बन लीडर (गळाजवळचा वेगळ्या दोरीचा तुकडा), २ औंसाचा जिगहेड, वारा असेल तर ३, त्यावर ४-५ इंची ट्यूब (मऊ प्लास्टिकचं पोकळ आमिष). पाण्यात ड्रिफ्ट सॉक (बोटीचं वाहणं मंदावणारी कापडी पिशवी) टाका किंवा ट्रोलिंग मोटरने बोट धरून ठेवा. दोरी उभी राहिली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

मालवणचो_गरवणारो
आमच्याकडे सिंधुदुर्गात खडपावर गरवतना काठी लागणा नाय. काठयेर ठोको समजणा नाय, दोरी बोटात धरूक व्हयी. खाली शिसं, वर गरी, आणि बोटाला दोरी. गोबरो, तांबोशी आम्ही अशेच काढतो. भर समुद्रातल्या अँग्रिया बँक खडपावर जाणारेसुद्धा दोरीच वापरतात. काठी, रील, सोनार हा सगळा खर्च कशाला?

डुलुथकर
दादा, तुमचं बोटाचं म्हणणं पटतं. इकडेही हिवाळ्यात गोठलेल्या सुपिरियरवर बर्फाला भोक पाडून जुने लोक हातदोरीनेच लेक ट्राउट काढतात, त्याला बॉबिंग म्हणतात. पण वाहत्या बोटीवर २०० फूट दोरी हाताने गोळा करणं सोपं नाही.

मालवणचो_गरवणारो
एक सांगतंय, खोलातलो मासो भराभर वर ओढू नका. पोट तोंडातून बाहेर येता, मग सोडलो तरी जगणा नाय. सुई मारून हवा काढूक व्हयी.

पाजपंढरी
सुई नको! गोबऱ्याला आणि तांबोशीला हवेची पिशवी बंद असते, म्हणून तसं होतं. लेक ट्राउटच्या पिशवीतून अन्ननलिकेत नळी असते, तो हवा तोंडावाटे सोडतो. हळू आणलात तर मासा यायच्या आधी पृष्ठभागावर बुडबुडे दिसतात. सोडायचा असेल तर शेवटचे ५०-६० फूट सावकाश आणा, पाण्यातच हूक काढा. सुपिरियरमधली मादी अंडी घालण्याजोगी व्हायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. एवढ्या जुन्या जिवाला उगाच टोचू नका.

सुगरण_नेपरव्हिल
अवांतर: याचं कालवण कसं लागतं? आमच्याकडे शेजाऱ्यांनी एक आणून दिलाय.

पाजपंढरी
मासा तेलकट आहे, आंबट जास्त घाला. सिस्कोवेट जातीचा असेल तर फारच चरबी. त्यापेक्षा धुरावून खा. मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबी हे विषारी रसायन साठतं, म्हणून कातडी आणि पोटाची, पाठीची चरबी काढून टाका. पाण्यानुसार आणि आकारानुसार किती खायचा ते मिशिगनच्या "इट सेफ फिश" पुस्तिकेत आहे, तुमच्या इलिनॉयचीही सूचना बघा.

गळबहाद्दर_मिशिगन
कालवणाचा वेगळा धागा काढा ना. ब्रेड मागवली. पण सोनारवर दिसणाऱ्या माशांवरच जिग सोडला होता मी!

डुलुथकर
सोनारची वारंवारता किती किलोहर्ट्झ लावली होती?

गळबहाद्दर_मिशिगन
२००. जे येतं तेच.

डुलुथकर
२०० ला सोनारच्या ध्वनिलहरींचा शंकू साधारण २० अंशांचा धरला तरी १८० फुटांवर तो ६० फूट रुंद होतो. उतारावर त्या ६० फुटांतला सगळ्यात उंच खडक सोनार "तळ" म्हणून दाखवतो. उताराला चिकटून बसलेले मासे त्या रेषेतच गाडले जातात. तुम्हाला दिसले ते वर तरंगणारे, खाणारे बहुतेक न दिसलेले. म्हणून जिग खडकाला टेकेपर्यंत सोडा, टक्कन लागलं की दोन वळसे गुंडाळा, उचला, पडू द्या. पडतानाच चावतात. मासा मागे येताना दिसला तर थांबू नका, २०-३० फूट वेगाने गुंडाळत जा. पळणाऱ्या भक्ष्यावर तो झेपावतो.

काळजीवाहू_ताई
माशांचं झालं, आता माझं ऐका. स्टॅनर्ड रॉकपासून सगळ्यात जवळची जमीनसुद्धा २० मैलांच्या पलीकडे आहे. जूनमध्येही पाणी ५-६ अंश सेल्सियस असतं. लाइफ जॅकेट अंगात घाला, बाकाखाली ठेवू नका. व्हीएचएफ रेडिओ आहे का? तिथल्या दीपगृहावर हवामान केंद्र आहे, एसटीडीएम४. निघण्याआधी वाऱ्याचे आकडे बघा.

टोरांटो_काका
मी अजूनही म्हणतो, डाउनरिगर.

गळबहाद्दर_मिशिगन
रविवार रात्र. ताईंनी सांगितलेल्या केंद्रावर शनिवारी पहाटे २२ नॉट होते, निघालोच नाही. आज मार्केट (Marquette) शहराहून ग्रॅनाइट आयलंडपर्यंतच गेलो. १४० फूट, ब्रेड, २ औंस, तीच पांढरी ट्यूब. खडक हाताला लागल्यासारखा कळत होता! तिसऱ्याच पडण्यात ठोका. आधी बुडबुडे आले, मग मासा. ५ पौंडांचा, सगळे पर शाबूत, म्हणजे हॅचरीतला (मत्स्यबीज केंद्रातून सोडलेला) नाही ना? सोडून दिला. पण नंतरचे दोन अर्ध्यावरून सुटले. का?

पाजपंढरी
हॅचरीतल्या पिलांचा पर खुणेसाठी कापून सोडतात, त्यामुळे पर शाबूत म्हणजे बहुतेक सरोवरातच जन्मलेला. अभिनंदन, मनापासून आनंद झाला.

डुलुथकर
सुटले तेव्हा दोरी सैल झाली होती का? ड्रॅग (रीलचा ब्रेक) किती घट्ट होता? हुकाला बार्ब (उलटा काटा) होता की नव्हता?

गळबहाद्दर_मिशिगन
ड्रॅग नेहमीसारखाच.

डुलुथकर
नेहमीसारखा म्हणजे मोनोला लावला होता तेवढा?